बालपणाला मिळालेली मुदत : पुण्यातील मुलींच्या प्राथमिक शाळेचे एक वर्ष

महाराष्ट्रात प्राथमिक शाळा म्हणजे सर्वसाधारणपणे पहिली ते चौथीची, म्हणजेच सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांची शाळा. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीलाही प्राथमिक टप्प्यात धरले असले, तरी पुण्यातील जुन्या संस्थांमध्ये चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवीपासून माध्यमिक ही विभागणी अजून बऱ्याच प्रमाणात टिकून आहे. या वयाच्या केवळ मुलींसाठी शाळा चालवण्याची परंपरा पुण्याच्या पेठांमध्ये पावणेदोनशे वर्षांची असून तिच्यामुळेच या शाळांच्या वर्षाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी मिळते. प्रवेशोत्सव, भोंडला, सहल, स्नेहसंमेलन, परीक्षा हा क्रम कोणत्याही शाळेच्या वार्षिक अहवालात सापडतो. परंतु मुलीने घराबाहेर किती तास राहावे, तेथे काय शिकावे आणि मुळात किती वर्षे तिला मूल राहू द्यावे, या तीन प्रश्नांवर याच शहरात झालेले वाद माहीत नसतील, तर तो क्रम निव्वळ कार्यक्रमांची यादी वाटतो.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वज्ञात आहे. त्यापुढची हकिगत तुलनेने कमी सांगितली जाते : १८५१ आणि १८५२ या दोन वर्षांत बुधवार पेठेतील चिपळूणकर वाडा, रास्ता पेठ आणि वेताळ पेठ अशा तीन ठिकाणी मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. या शाळांत मुलींना वाचन, व्याकरण, गणित, भूगोल आणि इतिहास शिकवला जात असे. शिवणकाम वा पाककला म्हणजेच मुलींचे शिक्षण अशी समजूत नंतरच्या काळात पुष्कळ ठिकाणी रुजली, पण पुण्यातील आरंभ तसा नव्हता, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या पत्रात छापला गेला, तेव्हा ती सुमारे चौदा वर्षांची होती. प्राथमिक शिक्षणातून काय साधावे याचा एवढा ठळक दाखला त्यानंतरच्या काळातही फारसा मिळत नाही.

दुसरा टप्पा १८८४ चा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल स्थापन झाले आणि पुढे पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर वसल्यामुळे ते 'हुजूरपागा' याच नावाने ओळखले जाऊ लागले. आज लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांच्या रांगेमागे ही शाळा उभी आहे. या शाळेविरुद्धचा आक्षेप पुढे तिच्या वेळापत्रकावर येऊन ठेपला. लोकमान्य टिळकांनी १८८७ मध्ये 'मराठा' आणि 'केसरी' यांतून तिच्या शिक्षणक्रमावर टीका केली. अकरा ते पाच या वेळेमुळे मुली घरकामापासून तुटतात, म्हणून शाळा सकाळी किंवा संध्याकाळी सुमारे तीन तासच भरावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे मुलींनी अक्षर गिरवावे की नाही, हा वाद एव्हाना मागे पडू लागला होता आणि त्यांचा दिवस कोणाचा, शाळेचा की घराचा, हा खरा वाद पुढे आला होता. चार वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलीच्या शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे केली, तेव्हाही पुणे हेच वादाचे केंद्र होते. आज चौथीत असलेल्या मुलीचे वय त्या जुन्या मर्यादेच्या आसपास येते. एवढे ध्यानात घेतले की शाळेतले एक वर्ष म्हणजे बालपणाला मिळालेली किती मोठी मुदत होती, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

ही मुदत ज्यांना मिळाली, त्यांपैकी काहींची नावे सर्वांना परिचित आहेत. ब्रह्मदेशात १९०५ मध्ये जन्मलेल्या इरावती कर्वे यांना सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले आणि तेथे वर्गमैत्रीण झालेल्या शकुंतला परांजपे यांच्यामुळे त्या रँग्लर परांजप्यांच्या घरातल्याच झाल्या. पुढच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाईंच्या जडणघडणीत या घराचा वाटा मोठा आहे. याउलट ज्यांना ही मुदत मिळाली नाही, त्यांच्यातूनही शिक्षिका घडल्या. अनुताई वाघ यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्यांना वैधव्य आले. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या, हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले आणि १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीला बालशिक्षणाच्या कामात उतरल्या. लहान मुलाला शाळेत बसवून ठेवण्याऐवजी हालचालीतून, वस्तू हाताळण्यातून आणि गाण्यातून शिकू द्यावे, हा ज्या विचाराचा गाभा, तो महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांमध्ये या दोघींचे नाव अग्रभागी आहे.

आजच्या शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला, बहुतेक १५ जूनच्या सुमारास, सुरू होते. विदर्भात उन्हाळा लांबत असल्याने तेथे शाळा काहीशी उशिरा उघडते. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव म्हणून नव्या मुलींचे औक्षण करून किंवा फूल देऊन स्वागत होते आणि पाठ्यपुस्तके हातात पडतात. ही पुस्तके 'बालभारती', म्हणजेच २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेले आणि पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर मुख्यालय असलेले राज्य पाठ्यपुस्तक मंडळ तयार करते. अलीकडच्या वर्षांत या पुस्तकांच्या बाह्य रूपावर बरेच प्रयोग झाले : दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३ मध्ये सर्व विषय एकत्र करून पुस्तकाचे चार भाग करण्यात आले आणि धड्यांनंतर टिपणांसाठी कोरी पाने घालण्यात आली, पुढे २०२५ मध्ये ती कोरी पाने रद्द झाली. त्याच वर्षी नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आणि पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याच्या निर्णयावर राज्यभर वादळ उठून जूनअखेरीस तो मागे घ्यावा लागला. अशा निर्णयांची घाई आणि माघार यांचा भार शेवटी वर्गातल्या बाईंवर पडतो, कारण शासननिर्णय बदलला तरी वर्गातल्या मुली त्याच असतात.

पुस्तकातील एक बदल मात्र मुलींच्या शाळेच्या दृष्टीने खरोखर महत्त्वाचा होता. २०१९ मध्ये आलेल्या दुसरीच्या पुस्तकांत आई-वडील दोघे मिळून भाजी निवडत आहेत, पुरुष कपड्यांना इस्त्री करीत आहे, स्त्री डॉक्टर आहे, वाहतूक पोलीस आहे, अशी चित्रे देण्यात आली. चित्राने घर बदलत नाही हे खरे. पण सात वर्षांची मुलगी धडा वाचण्यापूर्वी चित्र वाचते आणि ते वाचताना जे तिला स्वाभाविक वाटते, तेच पुढे तिच्या अपेक्षांचे मोजमाप होते. त्याच वर्षी दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने वेगळाच गदारोळ माजवला. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी उच्चारले जाते आणि लिहिताना सहा आधी येतो, या उलटसुलटीमुळे लहान मुलांचा गोंधळ होतो, म्हणून 'साठ तीन' अशा वाचनाचाही पर्याय पुस्तकात देण्यात आला. गणित विषय समितीच्या प्रमुख पुण्यातील गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर होत्या. विनोद, व्यंगचित्रे आणि विधिमंडळातील टोमणे यांत मूळ मुद्दा हरवला. ज्यांनी पहिली-दुसरीला गणित शिकवले आहे, त्यांना मात्र त्या अडचणीची कल्पना होती.

शाळेच्या दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. परिपाठ म्हणजे वर्ग सुरू होण्यापूर्वीची सामुदायिक सभा; तिच्यात राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या आणि एखादी बोधकथा असा क्रम असतो. मुलींच्या शाळेत या सगळ्याच भूमिका मुलीच पार पाडतात, ही वरवर किरकोळ वाटणारी बाब आहे. परंतु ध्वनिक्षेपकासमोर उभे राहणे, रांगेला 'सावधान' सांगणे, चुकले तरी पुन्हा वाचणे हे सर्व आठव्या वर्षीच अंगवळणी पडते, आणि केवळ मुलींच्या शाळेच्या बाजूने जे युक्तिवाद होतात, त्यांतला हाच त्यातल्या त्यात भक्कम वाटतो.

शाळा भरण्याच्या वेळेचा प्रश्न आजही सुटलेला नाही, फक्त त्याचे रूप बदलले आहे. पेठांमधील जुन्या इमारतींत जागा अपुरी असल्याने सकाळच्या सत्रात प्राथमिक आणि दुपारच्या सत्रात माध्यमिक वर्ग भरवण्याची पद्धत अनेक शाळांनी वर्षानुवर्षे पाळली. त्यासाठी साडेपाच-सहाला उठून, अर्धवट झोपेत रिक्षावाल्या काकांच्या रिक्षात बसणाऱ्या मुली हे शहराचे नेहमीचे दृश्य होते. मुलांची झोप पुरी होत नाही या कारणावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा आदेश काढला, तेव्हा जागा, शिक्षकांच्या वेळा, वाहतूक आणि नोकरी करणाऱ्या पालकांची सोय असे चार पेच एकदम उभे राहिले. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. भागाकार केला तर दिवसाला चार तास होतात. घरकामाला वेळ राहावा म्हणून मुलींची शाळा तीन तासांची असावी या जुन्या मागणीपेक्षा हा आकडा केवळ एका तासाने मोठा आहे, परंतु तो आता मुलींच्या हक्काचा आहे आणि मुलगे-मुली दोघांना सारखा आहे.

जून-जुलैमध्ये पुण्याला पालख्यांचे वेध लागतात. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची आणि आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी अनुक्रमे नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्काम करते. त्या सुमारास प्राथमिक शाळांमध्ये नऊवारी नेसून, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन मुलींची छोटी दिंडी निघते. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती असते, दोन्ही १९२० सालच्या. त्या दिवशी मुलींच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होतात आणि मुलींना कमी वेळ शाळा असावी असे ज्यांनी सुचवले होते, त्या टिळकांवर मुली पाठ केलेले भाषण खणखणीत आवाजात म्हणतात. चौथीच्या वयाला न झेपणारा इतिहास सांगण्याची सक्ती कोणी करणार नाही, पण भाषण लिहून देणाऱ्या मोठ्यांना तरी तो ठाऊक असावा.

गणेशोत्सवापूर्वी शाडूच्या मातीची मूर्ती करण्याची कार्यशाळा आता बहुतेक शाळांत असते. कार्यानुभव, म्हणजे हाताने काही वस्तू घडवण्याचा जो विषय वेळापत्रकात असतो, त्याखाली ती येते. शिक्षक दिनी, पाच सप्टेंबरला, वरच्या वर्गातल्या मुली बाई होऊन खालच्या वर्गांना शिकवतात. याला स्वयंशासन दिन म्हणतात. अशा दिवशी आठ-नऊ वर्षांची 'बाई' हमखास आपल्या खऱ्या बाईंपेक्षा जास्त कडक असते.

आश्विनात, घटस्थापनेपासून किंवा सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो त्या सुमारास, भोंडला होतो आणि मुलींच्या शाळेच्या वर्षातला हा सर्वांत बोलका दिवस म्हणावा लागेल. पश्चिम महाराष्ट्रात याला हादगा किंवा भोंडला म्हणतात. विदर्भात त्याच्या जवळचा खेळ भुलाबाईचा. मध्ये पाट ठेवून त्यावर रांगोळीने किंवा तांदळाने हत्ती काढतात, मुली फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत वाटली जाते. खिरापत म्हणजे घरून झाकून आणलेला खाऊ. डबा हलवून त्याच्या आवाजावरून आत काय आहे हे ओळखायचे असते आणि वाटली डाळ, दाण्याची वडी, भेळ असे तर्क एकाच वेळी ओरडून केले जातात. शैक्षणिक दृष्टीने पाहिले तर या खेळात बरेच काही दडलेले आहे : गाण्यांतील वाढत जाणाऱ्या साखळ्या स्मरणशक्तीला ताण देतात, फेराचा ठेका शरीराला लय शिकवतो, गाण्यांतून अंक, नाती, पदार्थ आणि झाडे यांचा शब्दसंग्रह सहज येतो, आणि ज्या मुलीला वर्गात तोंड उघडता येत नाही, तिलाही समूहात आवाज सापडतो.

परंतु याच गाण्यांचा मोठा भाग सासर-माहेराचा आहे. सासूच्या अटी, नणंदेची कुरकुर, माहेरी जाण्याची परवानगी मागताना पुढे ढकलली जाणारी वेळ हे त्यांचे विषय असून ती रचली गेली तेव्हा फेर धरणाऱ्यांतल्या कित्येकींची लग्ने झालेली असत. हसतखेळत केलेली ती तक्रार होती. ज्यांना घरात बोलण्याची सोय नव्हती, त्यांनी गाण्यात ती सोय करून घेतली. मुलीच्या लग्नाचे किमान वय कायद्याने चौदा झाले ते १९२९ च्या शारदा कायद्याने, म्हणजे ही गाणी म्हणणाऱ्या आजच्या मुलींच्या पणजीच्या काळात. काही शाळा आता ही गाणी वगळून झाडे, स्वच्छता, पाणीबचत अशा विषयांवर नवी गाणी बसवतात. हेतू चांगला असला तरी ती गाणी बहुधा निबंधाला चाल लावल्यासारखी होतात आणि दुसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाहीत. त्यापेक्षा जुनी गाणी ठेवावीत आणि फेर संपल्यावर, खिरापतीच्या आधी, ही गाणी म्हणणारी मुलगी किती वर्षांची असे आणि ती शाळेत का जात नसे, एवढे दोन वाक्यांत सांगावे, हे अधिक श्रेयस्कर आहे. चौथीची मुलगी ते समजू शकते.

प्रथम सत्राचा शेवट मूल्यमापनाने होतो. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन ही पद्धत लागू झाली; तिचा अर्थ असा की मुलीची पारख एकाच लेखी परीक्षेवरून न करता वर्षभर, अनेक मार्गांनी करायची. तिचे दोन भाग आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय यांवर आधारलेले ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या अखेरीस घेतले जाणारे ते संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिकाचा वाटा ७० टक्के आणि संकलिताचा ३० टक्के, तर तिसरी-चौथीला ६० आणि ४० असे प्रमाण ठरवण्यात आले. कल्पना उत्तम आहे. पण एकेका वर्गशिक्षिकेला प्रत्येक मुलीच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी ठेवायच्या, आणि कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे म्हटले असले तरी शहरातल्या वर्गात पट त्याहून मोठा असणे नवे नाही, या दोहोंचा मेळ बसत नाही. परिणामी 'नीटनेटकी राहते', 'मित्रत्वाने वागते' अशा साच्यातल्या नोंदी प्रगतिपुस्तकात उतरतात आणि मुलगी नेमकी कोठे अडते, हे पालकांना कळायचे ते बाईंशी प्रत्यक्ष बोलूनच.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की सहलींचा हंगाम येतो. प्राथमिकच्या मुलींची सहल एका दिवसाची आणि जवळची असते : १९९९ मध्ये कात्रजला उभारलेले राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, शनिवार वाडा, आगाखान पॅलेस किंवा राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याची ओळख आणि चौथीच्या इतिहासात शिवछत्रपतींचे चरित्र असल्यामुळे पुण्यातील मुलींना पुस्तक आणि शहर ताडून पाहण्याची संधी मिळते. लाल महाल आणि सिंहगड त्यांच्या धड्यातही असतात आणि घराच्या टप्प्यातही. दिनकर केळकर यांनी आपल्या बालपणीच वारलेल्या मुलाच्या नावे उभारलेले संग्रहालय तर मुलींच्या शाळेसाठी विशेष उपयोगाचे आहे, कारण तेथे तलवारींइतकेच मानाचे स्थान दिवे, अडकित्ते, वज्र्या, पानाचे डबे आणि स्वयंपाकघरातली भांडी यांना मिळाले आहे. घरात वावरणाऱ्या बायकांचा इतिहास वस्तूंवरून वाचता येतो, हे येथे कळते. मात्र दीड तासात सगळी दालने रांगेने पार करण्यापेक्षा एकच दालन बसून, चित्र काढून पाहू देणारी शाळा शहाणी म्हटली पाहिजे.

डिसेंबरमध्ये क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन होते. लंगडी, खो-खो, लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, लेझीम, साधन-कवायत हे मैदानावर. पण पेठेतल्या अनेक शाळांना मैदान म्हणजे इमारतीच्या मधला चौकच मिळतो. स्नेहसंमेलनासाठी बालगंधर्व रंगमंदिर, टिळक स्मारक मंदिर किंवा भरत नाट्य मंदिरासारखे मोठे रंगमंच भाड्याने घेण्याकडे कल वाढला आहे. पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ पासून रुजवलेल्या 'ग्रिप्स' या मूळ जर्मन नाट्यचळवळीने मुलांच्या खऱ्या प्रश्नांवर, परीराणी आणि राक्षस यांना बाजूला ठेवून, नाटक करता येते हे दाखवले. शालेय संमेलने त्यापासून फारशी शिकलेली नाहीत, आणि सिनेमाच्या गाण्यांवर सात वर्षांच्या मुलींना मोठ्या बायकांसारखे नटवून नाचवणे हे मुलींच्या शाळेत तरी थांबायला हवे, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे.

तीन जानेवारी हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस, महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नऊवारी, ठसठशीत कुंकू आणि हातात पाटी अशा वेशातल्या डझनावारी सावित्रीबाई एका वर्गात दिसतात. वेशभूषेने मुलींना आनंद होतो हे मान्य. तरी अंगावर शेण-दगड झेलणाऱ्या सावित्रीबाई जेवढ्या सांगितल्या जातात, तेवढी त्यांच्या शाळेत शिकून लिहिती झालेली मुक्ता सांगितली जात नाही, हे खटकते. ज्या भिडे वाड्यात ती शाळा सुरू झाली, तो जीर्ण झालेला वाडा न्यायालयीन लढ्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला आणि तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावयाचे आहे. मुलींच्या सहलीच्या यादीत ती जागा यथावकाश येईलच. दगडूशेठ गणपतीसमोरची ती जागा तोवर चालत जाऊनही दाखवता येण्यासारखी आहे.

संक्रांतीचा तिळगूळ, प्रजासत्ताक दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे सारे ठरलेल्या रीतीने पार पडते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाबाबत पुण्यातील शाळा भाग्यवान आहेत. आयुका या खगोलशास्त्र संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञान शिकवण्याचे जे काम वर्षानुवर्षे केले, त्याचा प्रसार शिक्षकांमध्ये झाला आहे आणि आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, झाडूच्या काड्या एवढ्या सामग्रीत भूमितीचे आकार पहिलीच्या मुलीलाही उभे करता येतात.

उत्सवांच्या आड दिसेनाशी होणारी, पण वर्षभर चालणारी काही कामे याहून कमी महत्त्वाची नाहीत. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींना १९९२ पासून दिवसाला १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये उपस्थिती भत्ता ठरवण्यात आला. पुढे महागाई अनेक पटींनी वाढली, तरी रुपया तेवढाच राहिला. सुरक्षिततेसाठी २०२२ मध्ये शाळांतून 'सखी सावित्री' समित्या स्थापण्याचे ठरले, तथापि बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ मधील घटनेनंतरच कॅमेरे, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांबाबत खरी हालचाल झाली. चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श यांतला फरक, 'नाही' म्हणण्याचा अधिकार आणि १०९८ हा बालमदत क्रमांक या गोष्टी पहिलीपासून सांगितल्या जाव्यात, याबद्दल आता दुमत नसावे.

मार्च-एप्रिल हे महिने परीक्षेचे. २०२५ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत घ्याव्यात असे ठरवले आणि पुण्याच्या उन्हात, पंख्याखालीही घाम पुसत, मुलींना पेपर लिहावे लागले. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला असे, मध्यंतरी ती पाचवी आणि आठवीला नेण्यात आली आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीकडे वळवण्यात आली. त्यामुळे चौथीच्या वर्षावर जादा तासांचे सावट पुन्हा येणार हे उघड आहे, आणि अशा वेळी वेळापत्रकातून पहिल्यांदा गायब होतात त्या खेळाच्या, चित्रकलेच्या आणि वाचनालयाच्या तासिका. मुलींच्या बाबतीत हे नुकसान दुहेरी असते, कारण मुलगा संध्याकाळी गल्लीत खेळून ते भरून काढतो, मुलीला बहुधा शाळेबाहेर मैदान मिळत नाही.

खासगी विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक केले असून तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीची सभा बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरली आहे. गेल्या वर्षी शारीरिक शिक्षण, कला आणि वाचनालय यांच्या किती तासिका वेळापत्रकात होत्या आणि त्यांपैकी किती प्रत्यक्षात झाल्या, हा प्रश्न मुलींच्या पालकांनी, विशेषतः आयांनी, येत्या जूनच्या पहिल्याच सभेत विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.